घरचा पत्ता आणि पेशंटचा पत्ता: अमेरिकेत एका लायसन्सवर अनेक राज्यांत नर्सिंग

मिरजेला मी जिथे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, तिथल्याच एका धाकट्या मुलीचा परवा फोन आला. डॅलसजवळ फ्रिस्कोला नुकतीच राहायला आलीय. "ताई, ओक्लाहोमात जॉब मिळतोय! एजन्सीची बाई म्हणाली, लायसन्स आहे ना तुझ्याकडे, मग सोमवारी ये."

"कुठलं लायसन्स?"

"न्यूयॉर्कचं."

"मग सोमवारी कुठेही जाऊ नकोस."

दीड तास बोलत बसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, हेच सगळं मी गेल्या चार-पाच वर्षांत निदान दहाजणींना सांगितलं असेल. एकदा लिहूनच टाकावं.

आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन कर्नाटकात नोकरी धरायची तर एनओसी काढा, तिकडच्या कौन्सिलकडे नोंदणी करा, हे आपल्याला पाठ असतं. अमेरिकेतही मूळ कथा तीच आहे. नर्सचं लायसन्स वॉशिंग्टनचं केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. तुम्ही एनक्लेक्स पास झालात ती परीक्षा सगळ्या देशात एकच, पण तिच्या निकालावर मिळणारं लायसन्स त्या त्या राज्यापुरतं. यातून वाट काढायला काही राज्यांनी आपसात करार केला, त्याचं नाव नर्स लायसेन्शर कॉम्पॅक्ट. इथे सगळे नुसतं 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. २००० साली टेक्सास, युटा, विस्कॉन्सिन, मेरीलँड अशा मोजक्या राज्यांत तो सुरू झाला. १९ जानेवारी २०१८ पासून त्याची नवी, जास्त कडक आवृत्ती लागू आहे. आज चाळीसहून जास्त राज्यं त्यात आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, ओरेगन ही मोठी नावं मी हे लिहितेय तेव्हा बाहेरच आहेत. आता गंमत बघा, आपली मराठी माणसं कुठे जास्त? बे एरिया, न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉईट. म्हणजे नेमकी कराराबाहेर.

मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला, पण कायद्यावर सही होणं आणि बोर्डाने मल्टिस्टेट, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं, लायसन्स द्यायला लागणं यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून बातमी वाचून राजीनामा देऊ नका. एनसीएसबीएन, म्हणजे सगळ्या राज्यांच्या बोर्डांची मिळून जी संघटना आहे, तिच्या साइटवर नकाशा असतो. त्यातला रंग बघा.

आता मुख्य गोष्ट. हिच्यावर सगळे अडखळतात, मीही अडखळले होते. मल्टिस्टेट लायसन्स तुम्ही नोकरी कुठे करता त्यावरून मिळत नाही, तुम्ही राहता कुठे त्यावरून मिळतं. आणि काम करताना नियम लागतो तो पेशंट त्या क्षणी जिथे आहे तिथला. हे दोन पत्ते वेगवेगळे धरायचे.

पहिल्या पत्त्याचं उदाहरण. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात राहणारी आणि रोज जर्सी सिटीच्या हॉस्पिटलात ड्युटीला जाणारी नर्स घ्या. न्यू जर्सी कॉम्पॅक्टमध्ये आहे. तरी हिला न्यू जर्सीचं साधं, एका राज्यापुरतंच लायसन्स मिळेल, कारण हिचं घर न्यूयॉर्कमध्ये. उलट जर्सी सिटीत राहणारीला मल्टिस्टेट मिळेल, पण मॅनहॅटनमध्ये काम करायचं तर न्यूयॉर्कचं वेगळं काढावंच लागेल. म्हणून 'माझं लायसन्स कॉम्पॅक्ट राज्याचं आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. टेक्सासचं लायसन्स सिंगल स्टेटही असतं आणि मल्टिस्टेटही असतं. तुमचं कुठलं, ते बघायला नर्सिस डॉट कॉमवर क्विक कन्फर्म नावाची फुकट सोय आहे. नाव टाका, रिपोर्ट उघडा, 'मल्टिस्टेट' की 'सिंगल स्टेट' ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. एजन्सीच्या बाईच्या शब्दापेक्षा तो रिपोर्ट मोठा.

आणखी एक. तुमचं राज्य उशिरा करारात आलं असेल तर हातातलं जुनं लायसन्स आपोआप बदललं असं समजू नका. ओहायो १ जानेवारी २०२३ पासून आलं, वॉशिंग्टन राज्याने मल्टिस्टेट द्यायला ३१ जानेवारी २०२४ ला सुरुवात केली. दोन्हीकडे जुन्या नर्सेसना वेगळा अर्ज करून, जास्तीची फी भरून लायसन्स वाढवून घ्यावं लागलं.

काय काय लागतं

नव्या करारात अकरा समान अटी आहेत. सगळ्या लिहीत नाही. इथे शिकलेल्या मुलीला त्यातल्या बहुतेक जाणवतसुद्धा नाहीत. आपल्याला, म्हणजे भारतात शिकून आलेल्यांना, चार ठिकाणी ठेच लागते: शिक्षणाची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, हाताचे ठसे आणि सोशल सिक्युरिटी नंबर.

सोशल सिक्युरिटीपासून सुरू करते, कारण माझी दोन वर्षं तिथेच गेली. मी २०१३ मध्ये नवऱ्याबरोबर ह्यूस्टनला आले. त्याचा नोकरीचा एच-१ व्हिसा, माझा त्याची बायको म्हणून मिळणारा एच-४. एनक्लेक्स मुंबईला देऊन न्यूयॉर्कचं लायसन्स आधीच काढलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच मुली न्यूयॉर्कच पकडतात, कारण तिथे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज पुढे सरकतो. पण एच-४ वर काम करायची परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणून टेक्सासचं लायसन्स नाही. मे २०१५ मध्ये एच-४ वाल्यांना वर्क परमिट, म्हणजे ईएडी, मिळायला लागलं. तेसुद्धा सगळ्यांना नाही: नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर झालेला हवा, किंवा त्याचा एच-१ सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. आमचा आय-१४० झालेला होता. ईएडी आलं, नंबर आला, आणि २०१६ मध्ये टेक्सास. तेव्हा ज्या एच-४ वर आहेत आणि ईएडीची वाट बघतायत त्यांनी मल्टिस्टेटच्या मागे आत्ता धावू नये. त्या वेळात कागद गोळा करावेत. कागदांना वेळ लागतोच.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते आपलं नाव. माझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने: माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, मग पासपोर्ट सासरच्या नावाने: नवं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकही जुळत नाही. इथल्या क्लार्कच्या नजरेने बघा: एका बाईने मिरजेला नर्सिंग केलं आणि भलतीच बाई टेक्सासमध्ये लायसन्स मागतेय! पडताळणी करणाऱ्या संस्थेने माझी फाइल याच कारणाने परत पाठवली होती. शेवटी दोन्ही नावं असलेला लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद, असं तिन्ही एकत्र लावलं तेव्हा सुटले. आजकाल तांदळात नाव बदलत नाहीत फारसे, पण मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हा घोळ अजून आहेच. अर्जाला हात लावायच्या आधी पासपोर्ट, कौन्सिलचं सर्टिफिकेट, मार्कशीट आणि सोशल सिक्युरिटी कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. 'अ' साठी एक 'ए' की दोन, इतकं बारीक.

शिक्षणाच्या पडताळणीसाठी ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून चालत नाही. कॉलेजने आणि कौन्सिलने ते परस्पर पाठवायचं असतं. माझ्या मूळ स्कूलच्या ऑफिसात मी स्वतः ह्यूस्टनहून किती फोन केले असतील, मोजले नाहीत. शेवटी वडील जाऊन बसले. तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी काम झालं. गावी तुमच्या वतीने जाऊन बसणारं माणूस असेल तर त्याच्या नावाने अधिकारपत्र आधीच देऊन ठेवा.

इंग्रजीच्या परीक्षेचं थोडक्यात: कुठली परीक्षा आणि किती गुण, ते राज्याच्या बोर्डाच्या पानावरच बघा. निकालाची मुदत असते, एवढं लक्षात ठेवा, फार आधी देऊन ठेवू नका.

आणि ठसे. राज्याची आणि एफबीआयची, अशी दुहेरी गुन्हे-तपासणी बोटांच्या ठशांवरून होते. मला वाटलं, यात काय, बोट टेकवायचं आणि निघायचं. केंद्रातल्या माणसाने काचेवर माझा अंगठा फिरवला. लाल दिवा. पुन्हा, पुन्हा लाल. त्याने ओलं फडकं दिलं, बोटं पुसली, दाबून फिरवली, कसाबसा हिरवा आला. तीन आठवड्यांनी पत्र आलं, ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा या. तो माणूस मला दुसऱ्यांदा बघून हसला आणि म्हणाला, "नर्स ना? नर्सेस, गवंडी आणि भांडी घासणारे, यांचे ठसे कधी नीट येत नाहीत." दिवसातून साठ-सत्तर वेळा हात धुऊन, वर सॅनिटायझर चोळून रेषा झिजलेल्या असतात. दुसऱ्यांदाही नापास झाले. दोनदा असं झालं की नावावरून तपासणी करायची सोय असते, तिच्यावर माझं काम झालं. दोन महिने गेले मध्ये. तेव्हा ठशांच्या आधी आठ-दहा दिवस रात्री हाताला भरपूर मलम चोळा, त्या सकाळी मात्र काही लावू नका, आणि जमलं तर सलग ड्युट्यांनंतरच्या दिवशी जाऊ नका.

गुन्ह्यांबद्दल एकच वाक्य: फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असेल तर मल्टिस्टेट मिळत नाही, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याचं एखादं जुनं प्रकरण असेल तर ते लपवू नका, कारण ठशांवरून ते निघतं आणि मग प्रकरणापेक्षा लपवणं महागात पडतं.

राहण्याचा पुरावा

घरचा पत्ता कुठला, हे बोर्डाला कागदाने पटवावं लागतं. ड्रायव्हिंग लायसन्स, फेडरल टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (मालक देतो ते वर्षाच्या पगाराचं पत्रक), मतदार कार्ड यांपैकी काही. हे सगळे कागद एकाच राज्याकडे बोट दाखवत असले पाहिजेत. ट्रॅव्हल नर्सिंग करणाऱ्या मुलींचा इथे गोंधळ होतो. तेरा आठवडे ॲरिझोना, तेरा आठवडे टेनेसी, ड्रायव्हिंग लायसन्स बहिणीच्या पत्त्यावर फ्लोरिडाचं आणि टॅक्स भरलेला चौथीकडेच. घर एकच सांगता येतं. मल्टिस्टेट लायसन्सही एका वेळी एकच.

आणि मतदार कार्डाबद्दल जरा मोठ्याने सांगते. यादीत ते नाव दिसतं म्हणून आपण ग्रीन कार्डवाल्या किंवा व्हिसावाल्या बायकांनी ते काढायला जायचं नाही. मतदान फक्त नागरिकांना. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवरचा माणूस सवयीने विचारतो, मतदार नोंदणी करायची का? घाईत 'हो' म्हणाल तर नर्सिंग बाजूलाच राहील, पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते उकरून निघेल. 'नाही' म्हणा आणि फॉर्मवर खूण झाली नाही ना तेही बघा.

पेशंटचा पत्ता

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडालं. आमच्या युनिटच्या निम्म्या नर्सेस पाण्यात अडकलेल्या, मी स्वतः हॉस्पिटलात तीन रात्री झोपले. त्यात अर्कान्सासहून दोघीजणी आल्या. आज पोचल्या, उद्या ड्युटीवर. अर्कान्सासही करारात होतं, त्यामुळे त्यांच्या लायसन्ससाठी कुणी एक कागदसुद्धा हलवला नाही. आमचा चार्ज नर्स त्यांना फक्त औषधांच्या मशीनचा पासवर्ड देत होता. शेजारचं लुइझियाना तेव्हा करारात नव्हतं, तिथल्या नर्सेसना तात्पुरत्या सवलतीवर यावं लागणार होतं. कॉम्पॅक्ट म्हणजे नेमकं काय, ते मला त्या आठवड्यात कळलं, तोवर माझ्या लायसन्सवरचा 'मल्टिस्टेट' शब्द मी वाचलासुद्धा नव्हता.

फोनवरच्या नर्सिंगमध्ये मात्र ही सोय फसवी होते. मी काही काळ हृदयविकाराच्या क्लिनिकमध्ये टेलिफोन ट्रायाजचं, म्हणजे फोनवर लक्षणं ऐकून पुढे काय करायचं ते सांगायचं, काम केलं. एक आजोबा नेहमीचे, हार्ट फेल्युअरचे. त्यांचा फोन आला: दोन दिवसांत वजन तीन पाउंड वाढलंय, घोटे सुजलेत, पाण्याची गोळी एक जास्त घेऊ का? डॉक्टरांनी घालून दिलेल्या नियमांत हे बसतं, टेक्सासमध्ये असते तर मी 'घ्या' म्हणून नोंद केली असती. पण मागे समुद्राचा आवाज येत होता.

"आजोबा, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"मुलीकडे. सॅन डिएगो."

कॅलिफोर्निया. कराराबाहेर. पेशंट आमचा, फाइल आमची, मी ह्यूस्टनच्या खुर्चीत, तरी त्या क्षणी मी कॅलिफोर्नियात नर्सिंग करत होते आणि तिथलं लायसन्स माझ्याकडे नव्हतं. त्यांना सांगितलं, मी गोळीबद्दल सल्ला देऊ शकत नाही, फोन डॉक्टरांकडे देते, दम लागला किंवा आडवं पडल्यावर घुसमटलं तर थांबू नका, ९११ लावा. त्यांना हसू आलं. "अगं, माझं हृदय तर टेक्सासमध्ये होतं तेच आहे ना?" काय उत्तर देणार! हेच आजोबा न्यू मेक्सिकोत असते तर मी बोलू शकले असते.

म्हणून फोनवर, व्हिडिओवर, इन्शुरन्स कंपनीच्या केस मॅनेजमेंटमध्ये काम धरणार असाल तर पहिला प्रश्न पेशंटच्या ठिकाणाचा. नाव, जन्मतारीख, आणि आत्ता कुठे आहात. मालकाला आधीच विचारा, कराराबाहेरच्या राज्यातले कॉल कोण घेतं? अशा नोकऱ्यांच्या जाहिरातीत 'मल्टिस्टेट हवं, शिवाय कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क असल्यास उत्तम' असं लिहिलेलं दिसतं, ते यासाठीच. माझं न्यूयॉर्कचं जुनं लायसन्स मी रिन्यू करत राहिले ते मूर्खपणा म्हणून, पण याच ओळीमुळे एकदा कामाला आलं.

पेशंटच्या राज्याचा कायदा लागतो याचा दुसरा अर्थ असा की नर्सने काय करायचं आणि काय नाही, तेही तिथलंच. एलपीएनने, म्हणजे छोटा कोर्स केलेल्या नर्सने, आयव्हीतून काय द्यावं, हाताखालच्या मदतनिसाला काय सोपवता येतं, यात राज्याराज्यांत फरक आहे. 'आमच्याकडे टेक्सासमध्ये चालतं' हे बोर्डासमोर चालत नाही. आणि काही चूक झाली तर त्या राज्याचं बोर्ड तिथे काम करायचा तुमचा हक्क काढून घेऊ शकतं. घरच्या राज्याने लायसन्सवर बंधन घातलं तर मात्र बाकी सगळीकडचा हक्क एकदम थांबतो. एका लायसन्सची ही दुसरी बाजू.

पुढचं शिकून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एपीआरएन, झालेल्यांनी हे सगळं स्वतःला लावू नये. करार आरएन, म्हणजे आपल्यासारख्या रजिस्टर्ड नर्सेस, आणि एलपीएनपुरता आहे. एपीआरएनचा वेगळा करार कागदावर आहे, पण पुरेशी राज्यं न आल्याने चालू नाही. उलट, माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलात काम करणार असाल तर कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं, करार असो वा नसो.

घर बदललं तर

२०२४ च्या उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही न्यू जर्सीत, चेरी हिलला आलो. दोन्ही राज्यं करारात, मग काही करायचं नाही असं मला वाटलं होतं. करायचं असतं. २ जानेवारी २०२४ पासून नियम आहे: एका कॉम्पॅक्ट राज्यातून दुसऱ्यात घर हलवलं की ६० दिवसांच्या आत नव्या राज्यात अर्ज करायचा. लायसन्स हातात ६० दिवसांत यायला हवं असं नाही, अर्ज जायला हवा. तोवर जुन्यावर काम चालू ठेवता येतं, नवं मिळालं की जुनं बंद होतं. अर्ज घर हलवण्याआधीही करून ठेवता येतो, मात्र नव्या पत्त्याचा पुरावा दिल्याशिवाय मल्टिस्टेट निघत नाही. न्यू जर्सीत ड्रायव्हिंग लायसन्स बदलायलाही ६० दिवसच आहेत, म्हणून आधी तिथली अपॉइंटमेंट घ्या. तेच कार्ड पुढे बोर्डाला लागतं.

जुन्या लायसन्सची पडताळणी नर्सिसवरून जाते, दर राज्याला ३० डॉलर. जुनं राज्य त्या सेवेत नसेल तर त्याच्या बोर्डाकडून थेट मागवावी लागते. ठसे पुन्हा द्यावे लागले. मलम चोळून गेले, या वेळी पहिल्याच खेपेला हिरवा.

बदललं ते सीईच्या, म्हणजे लायसन्स चालू ठेवायला कराव्या लागणाऱ्या शिक्षणाच्या, तासांचं गणित. टेक्सासला दोन वर्षांत २० तास, न्यू जर्सीला ३०. फक्त घरच्या राज्याचे तास भरायचे असतात, जिथे जिथे काम करता तिथले नाही, हा कॉम्पॅक्टचा मोठा दिलासा आहे. ज्या मुली चार-चार सिंगल लायसन्सं सांभाळतात त्यांना विचारा, चार तारखा, चार फिया आणि चार तऱ्हेचे कोर्स.

कॉम्पॅक्टमधून कराराबाहेरच्या राज्यात राहायला गेलात, समजा टेक्सासहून कॅलिफोर्नियाला, तर तुमचं मल्टिस्टेट गळून सिंगल स्टेट होतं, फक्त टेक्सासपुरतं. पत्ता न कळवता जुन्यावर रेटून नेणाऱ्या आहेत. मला ते पटत नाही आणि धोक्याचंही आहे, कारण पगाराच्या डब्ल्यू-२ वर खरा पत्ता छापलेला असतोच.

मी आता चेरी हिलला राहते आणि नदी ओलांडून फिलाडेल्फियाला ड्युटीला जाते. पेनसिल्व्हेनियाचं प्रकरण मजेशीर होतं. सप्टेंबर २०२३ पासून त्यांनी बाहेरच्या मल्टिस्टेटवाल्यांना आत घेतलं, पण स्वतःच्या नर्सेसना मल्टिस्टेट देता येत नव्हतं, एफबीआयच्या तपासणीची परवानगी अडकली होती. म्हणजे मी पूल ओलांडून तिकडे जाऊ शकत होते आणि माझ्याच युनिटमधली फिलाडेल्फियाची मैत्रीण न्यू जर्सीत जास्तीची ड्युटी धरू शकत नव्हती. ७ जुलै २०२५ ला ते सुटलं. तिने पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला.

फ्रिस्कोवाल्या मुलीला मी दिलेला क्रम असा. एजन्सीच्या बाईला आजच ईमेल कर की माझं लायसन्स न्यूयॉर्कचं, सिंगल स्टेट आहे, म्हणजे उद्या तिने 'मला माहीत नव्हतं' म्हणायला नको. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स काढ. टेक्सासच्या बोर्डाकडे एन्डॉर्समेंटचा, म्हणजे हातातल्या लायसन्सच्या आधारावर नवं मागायचा, अर्ज कर, त्यात घरचं राज्य टेक्सास म्हणून जाहीर कर. शिक्षणाची पडताळणी न्यूयॉर्कसाठी केलेली चालते का ते विचार, नसेल तर आजच पुन्हा मागव. टेक्सासच्या नर्सिंग कायद्यावरची परीक्षा आहे, तिला घाबरू नकोस, घरी बसून ऑनलाइन, नियम समोर उघडे ठेवून देता येते. ठशांची वेळ दहा दिवसांनंतरची घे आणि आज रात्रीपासून हाताला मलम लाव. मल्टिस्टेट हातात आलं की क्विक कन्फर्मचा रिपोर्ट काढून त्याच बाईला पाठव. ओक्लाहोमा करारात आहे, तेव्हा पुढे काही अडणार नाही.

"आणि तोवर जॉब गेला तर?"

"ओक्लाहोमात हॉस्पिटलं कमी आहेत का?" मी म्हटलं. मग तिला नर्सिसच्या ई-नोटिफायवर नाव नोंदवायला लावलं, फोन चालू असतानाच. फुकट आहे, लायसन्स संपायच्या आधी आठवण येते. पत्ता तिने अजून मामाचा क्वीन्सचाच टाकला होता. तो बदलायला लावला.